सोय पुरवली, आनंदाचे काय?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, घरोघरी आवराआवर चालू असताना, आत्याने फोन करून मला बोलावून घेतले. गेलो, तर दारातच एक कापडी पिशवी भरून ठेवलेली. आत बोलणारे घड्याळ, दिव्याचे भिंग, छापील मजकूर वाचून दाखवणारा छोटा कॅमेरा, औषधांच्या डब्यांवर लावायच्या उठावाच्या चिकटपट्ट्या आणि समोर अडथळा आला की मुठीत थरथरणारी काठी. दोन वर्षांत मी तिला आणून दिलेली एकूण एक वस्तू.

"हे सगळं घेऊन जा," ती म्हणाली. "ज्यांना लागतंय त्यांना दे. माझ्या घराचं दुकान झालंय."

मला राग आला. का येऊ नये? अंध आणि अंधुक दिसणाऱ्या माणसांना संगणक, मोबाइल आणि अशी उपकरणे वापरायला शिकवणे, हेच काम मी गेली बावीस वर्षे करीत आलो आहे. बँकेत नोकरी करणारे तरुण, स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुली, मधुमेहाने दृष्टी गेलेले दुकानदार, अशा कित्येकांच्या घरी जाऊन मी यंत्रे बसवून दिली, ती चालवायला शिकवली. या कामात माझे बरे नाव आहे, असे लोक म्हणतात. आणि सख्ख्या आत्याच्या घरी मात्र मी सपशेल नापास झालो होतो. कशात, ते समजायला पुढे काही महिने लागले. त्या महिन्यांची ही हकिगत. ती आमच्या एकट्याच्या घरची नसावी, असे वाटते म्हणून आज तुमच्यापुढे मांडतो.

आत्या आता पंचाहत्तरीची आहे. बत्तीस वर्षे तिने शाळेत मराठी शिकवले. लग्न केले नाही. तिला वेड दोनच गोष्टींचे, पुस्तके आणि डोंगर. शनिवारी वाचनालयात जाऊन पुस्तक बदलायचे आणि रविवारी पहाटे स्वारगेटहून बस पकडून सिंहगडाचा पायथा गाठायचा, हा क्रम तिने वर्षानुवर्षे मोडला नाही. मला गडावर पहिल्यांदा नेले तेही तिनेच. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो आणि अर्ध्या वाटेत भोकाड पसरले होते, हे ती अजून चारचौघांत सांगते.

तिच्या डोळ्यांना झाला तो उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाला होणारा आजार. दृष्टिपटलावर मधोमध एक अगदी लहानसा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, ही सारी बारीक कामे त्याच्या जिवावर चालतात. तो झिजत गेला की नजरेच्या ऐन मध्यावर धुरकट डाग येतो. गंमत अशी, की कडेचे दिसत राहते. त्यामुळे वाटेत पडलेली चप्पल चुकवता येते, पण हातातले वर्तमानपत्र वाचता येत नाही. दारात कोणी उभे आहे हे कळते, पण कोण आहे हे कळत नाही.

हे शेजारीपाजारी समजून घेत नाहीत. आत्याने जिन्यात ओळख दिली नाही म्हणून एका बाईंनी तिच्याशी बोलणे टाकले. दुसऱ्या कोणी शंका काढली, "रस्ता तर झपझप ओलांडतात, मग वाचता कसं येत नाही?" आंधळा आणि डोळस अशा दोनच जाती आपल्याला ठाऊक. मधल्या माणसांना आपण सोंगाडे ठरवून मोकळे होतो. या कुजबुजीचा परिणाम असा झाला, की आत्याने हळूहळू बाहेर पडणेच कमी केले. सिंहगड सुटला. वाचनालयाचे कार्ड तिने स्वतः जाऊन परत केले. त्या दिवशी ती जेवली नाही, हे मला फार नंतर कळले.

तेव्हा मी काय केले? वही-पेन्सिल घेऊन तिच्यापुढे बसलो आणि विचारले, "आत्या, तुला काय काय जमत नाही, सांग." तिने सांगितले. घड्याळ दिसत नाही, गोळ्या ओळखता येत नाहीत, विजेचे बिल वाचता येत नाही, नोटा चाचपाव्या लागतात, बँकेचा निरोप कळत नाही. मी एकेका अडचणीपुढे एकेक उपकरण लिहिले आणि महिन्याभरात यादी पुरी केली. कागदावर काम चोख झाले होते. यादीतल्या सगळ्या गोष्टी तिला जमू लागल्या होत्या आणि ती दिवसभर खुर्चीत बसून होती.

सोयीची उपकरणे देताना आपण नेहमी असाच हिशेब मांडतो. माणसाला परीक्षा देता यावी, नोकरी करता यावी, गोळ्या घेता याव्यात. त्यापुढे जाऊन त्याला काही आवडत असेल, ही गोष्ट आपल्या खातेवहीत कुठल्या रकान्यात लिहायची, तेच आपल्याला ठाऊक नसते.

वास्तविक या क्षेत्राचा इतिहास वेगळेच सांगतो. लुई ब्रेल १८०९ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात खोगिरे बनवणाऱ्याच्या घरी जन्मला. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या खोलीत खेळताना हत्यार डोळ्यात गेले आणि पुढे दोन्ही डोळे गेले. बार्बिये नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची उठावाच्या ठिपक्यांची एक किचकट पद्धत होती. ती सुटसुटीत करून ब्रेलने पंधराव्या वर्षी, १८२४ साली, सहा ठिपक्यांची लिपी बेतली. हा ब्रेल चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. त्या सहा ठिपक्यांत त्याने अक्षरांबरोबर संगीताचे लेखनही बसवले. अक्षरे पोटासाठी आणि सूर सवडीसाठी, अशी वाटणी त्याने केली नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांचे डोळे गेले. वाढत्या वयात बोटांना ब्रेल वळणे अवघड. अशांसाठी ब्रिटनमध्ये १९३५ साली ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलकी पुस्तके निघाली. पहिल्या पुस्तकांत काय होते? व्याकरण नव्हते, हिशेबनिशीही नव्हती. अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडची समुद्रातल्या वादळाची कथा होती. त्या लोकांना माणसाची भूक नेमकी कळली होती.

संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे 'जॉज' हे सॉफ्टवेअर १९८९ साली आले. ते करणारा अमेरिकेतला टेड हेंटर आधी मोटारसायकलच्या शर्यतींत धावणारा गडी. १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली, त्यानंतरही तो पाण्यावरच्या स्कीइंगच्या स्पर्धांत उतरत राहिला. 'जॉज' महाग. आपल्याकडच्या सामान्य माणसाला ते परवडणे कठीण. मग २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि ते सर्वांना फुकट खुले केले. जेम्स तेह हा त्याचा मित्रही अंध. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक मुलांनी यावरच धडे गिरवले. आता तर साध्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही 'टॉकबॅक' नावाची अशी सोय आधीपासून असते. बोट फिरवले की फोन बोलतो. तुमच्या हातातल्या फोनमध्येही ती असण्याचा संभव आहे, एकदा शोधून पाहा.

या यंत्रांना मराठी बोलायला शिकवणे ही वेगळीच कथा. 'या जगात जगायचे कसे' एवढे साधे वाक्य घ्या. पहिला 'ज' आणि दुसरा 'ज' लिहायला एकच, पण तुम्ही-आम्ही ते दोन तऱ्हांनी उच्चारतो. 'जरा थांब' मधला 'जरा' निराळा आणि म्हातारपणाला म्हणतात ती 'जरा' निराळी. यंत्र हा फरक करीत नसे. 'झालं' वरचा अनुस्वार काही आवाजांत 'झालम्' असा घुमायचा. आत्यासारख्या मराठीच्या बाईंना हे म्हणजे शिक्षाच. "तुझ्या फोनला आधी शुद्धलेखन शिकव," असे तिने मला सुनावले होते. मी हसण्यावारी नेले. तिथेच माझे कान उघडायला हवे होते. तिला वाचायचे होते आणि वाचायचे ते मराठीसाठी वाचायचे होते, निव्वळ माहितीसाठी नव्हे.

पिशवी घेऊन मी केंद्रात परत आलो आणि माझ्या तरुण सहकाऱ्यापुढे तक्रार केली. हा जन्मापासून अंध. आमच्याकडे शिकला आणि आता आमच्याकडेच शिकवतो. माझे ऐकून घेऊन तो म्हणाला, "सर, मला एकदा न्या त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी दोघे गेलो. आत्याने चहा टाकला. हा मजेत बसला, घरात पुस्तकांचा वास येतो म्हणाला आणि मग विचारले, "आत्या, डोळे चांगले होते तेव्हा रविवारी तुम्ही काय करायचात?"

इतकेच. आत्या जी बोलायला लागली ती थांबेना. कल्याण दरवाजाकडचा वारा, देवटाक्याचे पाणी, परत येताना बसमध्ये गुडघ्यावर उघडलेले पुस्तक. दोन वर्षांत तिच्या तोंडून मी इतके शब्द ऐकले नव्हते. मी तिला काय जमत नाही ते विचारले होते. त्याने तिला काय आवडते ते विचारले.

मला स्वतःला पुस्तके ऐकण्याचा नाद जुना आहे. पुलंच्या कथाकथनाच्या कॅसेट आमच्या पिढीने फिती झिजेपर्यंत ऐकल्या. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले आणि लोक मैदानात बसून त्या ऐकत. रेडिओवर कादंबरीचे वाचन लागले की घरात कोणी भांडी वाजवायची नाहीत, असा आमच्याकडे दंडक होता. पुढे २०१७ साली 'स्टोरीटेल' भारतात आले आणि मराठी पुस्तके मोबाइलवर ऐकणे सर्रास झाले. तेव्हापासून बस असो, टेकडी असो, माझ्या कानात कोणी ना कोणी वाचतच असते. असे असून आत्याला एखादे पुस्तक ऐकवावे, हे मला सुचले नव्हते. माझा छंद आणि माझे काम हे दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेले.

ऐकायला आत्या सहजी तयार झाली नाही. "ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे," ती ठामपणे म्हणाली. "मध्येच थांबून मागचं पान उलटता येत नाही, समासात खूण करता येत नाही." तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण माझ्या सहकाऱ्याने तिला विचारले, "मग गुलाबराव महाराजांनी काय केलं म्हणायचं?" आत्या गप्प झाली. विदर्भातले गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले, वर्षाचे होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि दुसऱ्यांना सांगून लिहवून घेऊन त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. १९१५ साली, पस्तिशी गाठण्याच्या आतच ते गेले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. कीर्तन ऐकून, पोथी ऐकून शहाणा झालेला हा आपला महाराष्ट्र. कानाने मिळालेली विद्या दुय्यम, असे आपण कधीपासून मानू लागलो?

आत्याने पहिले पुस्तक ऐकले, ते अर्ध्यावर टाकले. वाचणारा नट फार रडतो, असा तिचा आक्षेप. "रडायचं की नाही ते माझं मी ठरवीन." दुसरे मात्र तिने तीन दिवसांत संपवले. मग तिची फर्माईश सुरू झाली आणि इथे खरी अडचण उभी राहिली. तिला हवी असलेली पुस्तके, विशेषतः जुनी प्रवासवर्णने, ध्वनिरूपात मिळेनात. ज्यांचा खप मोठा त्यांचेच ध्वनिमुद्रण होते. ते साहजिकही आहे, वाचणाऱ्याचा आणि मुद्रणाचा खर्च निघायला हवा. मग पुस्तकाची पाने मोबाइलने टिपून यंत्राकडून वाचून घ्यायची, तर जुन्या पिवळ्या कागदावरची जोडाक्षरे यंत्र चुकवते. प्रकाशकाकडे संगणकावरची प्रत मागावी, तर तिथे आणखी एक भानगड. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली, पण आपली कित्येक पुस्तके त्यानंतरही वर्षानुवर्षे निरनिराळ्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसते, आत मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा असतो. वाचकयंत्र तो कचराच इमानदारीने वाचून दाखवते.

मी एका प्रकाशकाला भेटलो. त्यांनी आदराने बसवले, चहा दिला आणि सांगितले, "प्रत दिली तर उद्या ती गावभर फिरेल." त्यांची भीती निराधार नाही. मराठी पुस्तकांच्या चोरट्या प्रती मोबाइलवरून सर्रास फिरतात, त्यात त्यांचे आणि लेखकांचे नुकसान होते. पण त्या चोरट्या प्रती आत्याने काढलेल्या नसतात. डोळस माणसाने केलेल्या चोरीसाठी अंध वाचकाला वाचनालयाबाहेर उभे करायचे, हा कुठला न्याय?

कायद्याने तर ही वाट कधीच मोकळी करून दिली आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींच्या वापरासाठी पुस्तकाचे सुलभ रूप तयार करण्याला परवानगीची अट राहिली नाही. २०१३ साली मोरोक्कोत माराकेश इथे अंधांच्या वाचनहक्काचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत, २०१४ साली. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. पाया घातला गेला आहे. त्यावर मराठीच्या विटा आपण रचायच्या आहेत, इतकेच.

आता डोंगराकडे वळतो.

माझा हा सहकारी काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर पहिल्यांदा सिंहगडावर आला, तेव्हा मी त्याला ती थरथरणारी काठी दिली होती. दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली ही 'स्मार्टकेन' २०१४ साली बाजारात आली. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून ती गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचे अडथळे तीन मीटरवरून ओळखते. शहरात उघडी खिडकी, उभ्या टेम्पोची मागची फळी, लोंबती फांदी यांपासून ती खरोखर वाचवते. जमिनीवरचा खड्डा मात्र काठीच्या टोकानेच शोधावा लागतो. डोंगरवाटेवर दोन्ही बाजूंना झुडपे असली की ती मूठ सारखी थरथरत राहते. आतकरवाडीहून निघून दहा मिनिटे झाली नाहीत तोच त्याने तिचे यंत्र बंद केले. एव्हरेस्ट चढणारा पहिला अंध गिर्यारोहक एरिक वायहेनमायर. तो २००१ साली शिखरावर पोचला, तेव्हा पुढचा साथीदार घंटी वाजवीत चाले, हे मी वाचले होते. म्हणून मी माझ्या पाठपिशवीला बैलाच्या गळ्यातला घुंगूर बांधला. तो आवाजाच्या मागोमाग निघाला. "सर, बैलामागून चाललोय," असे म्हणून वाटभर हसला.

मी मात्र सवयीने कानात पुस्तक लावले होते. एका वळणावर दगड निसटून आला. त्याने "सर, वरून!" म्हणून ओरडून सांगितले, ते मला ऐकू गेले नाही. त्याने मागून पिशवी ओढली म्हणून मी वाचलो. दगड पुढून गडगडत गेला. तो रागावला होता. "डोळे असलेला माणूस कान झाकून डोंगरात येतो, याला काय म्हणायचं?" मी ती गुंडाळी खिशात टाकली. डोंगरात ती पुन्हा काढली नाही.

कान उघडे ठेवून चढल्यावर जो गड मला भेटला, तो चाळीस वर्षांत भेटला नव्हता. खिंडीजवळ आलो की वाऱ्याचा सूर बदलतो. पुणे दरवाजात शिरल्यावर पावलांचा आवाज दगडांतून परत येतो आणि बाहेर पडलो की एकदम हरवतो. त्यावरून दरवाजा केव्हा संपला ते हा अचूक सांगे. दुसऱ्या वेळी आम्ही गेलो, तेव्हा दरवाजाच्या आधीच पोरांचे एक टोळके मोठा स्पीकर लावून नाचत होते. माझा सहकारी जागीच थांबला. घुंगूर ऐकू येईना, दरवाजा कळेना, दरी कुठल्या अंगाला तेही कळेना. त्याच्या दृष्टीने कोणीतरी भर दुपारी दिवे मालवले होते. मी त्याचा हात धरला, तेव्हा तो थरथरत होता. त्या पोरांना काही कल्पना नव्हती. सांगितल्यावर त्यांनी लगेच स्पीकर बंद केला आणि ओशाळून सरबत देऊ केले. वाईट मुले नव्हती ती. त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

तर अशा या गडावर फेब्रुवारीतल्या एका रविवारी आत्या पुन्हा गेली. आम्ही तिघे होतो. मी पुढे घुंगूर बांधून, मध्ये आत्या, मागे सहकारी. तिच्या कडेच्या नजरेला पायाखालची वाट बेताची दिसत होती. तिरके पाहून ती दगड निवडत होती आणि मागच्याला सांगत होती, "पायरी उंच आहे रे, डावीकडून ये." चढायला तिला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागला. अर्ध्या वाटेत ताक प्यायलो. "याच ठिकाणी हा रडला होता," हे तिने माझ्या सहकाऱ्याला सांगितलेच. वर पोचल्यावर ती कल्याण दरवाजाच्या अंगाला तोंड करून उभी राहिली आणि हात लांब करून म्हणाली, "तो राजगड, तो तोरणा." मी पाहिले. धुके होते, मलाही काहीच दिसत नव्हते. तिचा हात मात्र बरोबर दिशेला होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. २०११च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर नोंदली गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना शाळा मिळत नाही, काम मिळत नाही. रोजच्या भाकरीची भ्रांत असलेल्यांपुढे कादंबऱ्या आणि गडकिल्ल्यांच्या गोष्टी कसल्या करता? पेन्शन असलेल्या पुणेकर आत्याचे हे लाड आहेत, असेही कोणी म्हणेल.

मी या आक्षेपाला हसून टाळणार नाही. माझा बहुतेक दिवस नोकरीच्या धड्यांतच जातो आणि तो तसाच जायला हवा. पण बावीस वर्षांत एक गोष्ट पाहिली आहे. वाचकयंत्र निव्वळ परीक्षेसाठी शिकलेली मुले परीक्षा संपली की ते विसरतात. ज्यांना त्यावर गोष्टी ऐकायची, क्रिकेटचे वृत्तान्त वाचायची गोडी लागते, त्यांचा हात त्यावर बसतो आणि नोकरीतही तीच टिकतात. आत्याने जो फोन "शुद्धलेखन शिकव" म्हणून दूर ठेवला होता, तोच ती आता सराईतपणे चालवते, कारण त्यात पुस्तके आहेत. बँकेचे निरोपही वाचते, जाता जाता. आवडीच्या मागून सोय आपोआप चालत येते. सोयीच्या मागून आवड येईलच, याची मात्र खात्री देता येत नाही.

आणि समजा, असा काही फायदा नसता, तरी? आपण डोळस माणसे रविवारची पुरवणी काय नोकरी मिळावी म्हणून वाचतो? गेल्या वर्षी, २०२५च्या मे महिन्यात, किन्नौरची छोंझिन आंगमो ही अंध तरुणी एव्हरेस्टवर पोचली. आपण सर्वांनी तिचे तोंडभरून कौतुक केले. करावेच. पण शिखरावर गेलेल्या एकीला टाळ्या द्यायच्या आणि शेजारच्या आजोबांना कोपऱ्यावरच्या बागेतही न्यायचे नाही, हे कौतुक फार स्वस्तात पडते.

त्यासाठी मोठ्या संस्था काढायला नकोत. पुस्तके काढणाऱ्यांनी नवे पुस्तक युनिकोडमध्ये जुळवावे आणि त्याची प्रत अंधांच्या ग्रंथालयाला द्यावी. ज्यांचा आवाज बरा आहे, त्यांनी आठवड्यातला एक तास कोणासाठी तरी वाचावे. दर रविवारी डोंगरात जाणाऱ्या गटांनी कधीतरी एका अंध माणसाला बरोबर घ्यावे, दया म्हणून नव्हे, सोबती म्हणून. आणि गडावर स्पीकर नेऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ होईल. सगळ्यांत आधी मात्र आपल्या घरातल्या, दृष्टी अधू झालेल्या माणसापुढे बसून एक साधा प्रश्न विचारावा. मी जो दोन वर्षे विचारला नाही, तो.

ती पिशवी अजून माझ्याकडे आहे. त्यातले घड्याळ तेवढे आत्याने परत मागून घेतले, पहाटेची बस चुकू नये म्हणून. आणि तिच्या कपाटात खाकी कागदाचे वेष्टन घातलेले एक जुने प्रवासवर्णन आहे. ते कुठेच ध्वनिरूपात नाही म्हणून मीच वाचून तिच्यासाठी मोबाइलवर मुद्रित करतो आहे. रात्री जेवणे झाल्यावर, पंखा बंद करून. आत्या प्रत्येक प्रकरण ऐकते आणि चुका काढते. परवा फोन आला. "तू 'ज्ञान' नीट म्हणत नाहीस. आणि स्वल्पविरामाला थांबत जा, पळू नकोस." मी बरं म्हणालो. मग थोडा वेळ काही बोलली नाही.

"दहावं प्रकरण कधी देतोस?" तिने विचारले.